चौदा नंबरची आत्या

आमच्या गावात मुलाचं उष्टं जो खातो, त्याचा एक शब्द मुलाकडे जातो. मूल बोलायला शिकतं ते असं. खाणाऱ्याच्या तोंडातून तो शब्द कायमचा उठतो आणि मुलाच्या तोंडात जाऊन बसतो. कुठला शब्द जायचा, ते उष्टं ठेवणाऱ्याच्या नजरेवर असतं. घास गिळला जाताना तो ज्याकडे बघत असेल, तो शब्द.

मोठ्या कुटुंबात याचं काही वाटत नाही. खाणारी तोंडं भरपूर असतात, एकेक शब्द वाटून जातो. 'आई' हा शब्द बहुधा आजी देते. तिची आई कधीच गेलेली असते, तिला तो लागत नाही. आजोबा लोक आपल्याला नको झालेले शब्द देतात. आमच्या शेजारच्या बबनरावांनी मात्र घाई केली आणि नातवाला 'बैल' देऊन बसले. पोळ्याला त्यांची जी पंचाईत झाली ती अख्ख्या आळीनं पाहिली. पूर्वी आमच्याकडे बायका नवऱ्याच्या ताटात जेवायच्या. त्या काळच्या बायका फार बोलत नसत असं सांगतात. आता कुणी तसं जेवत नाही.

नाव मात्र आत्या देते. बारशाला कानात नाव सांगते ती आत्या, आणि मूल दोन वर्षांचं झालं की नावाचा घास खाते तीही आत्याच. मुलापुढं आरसा धरतात, मूल स्वतःकडे बघतं, आत्या घास गिळते, झालं. म्हणून आमच्या गावच्या झाडून सगळ्या आत्या भाचरांना 'ए सोन्या', 'ए बाळा' अशाच हाका मारतात. आत्या नांदते दुसऱ्या गावाला, तिला रोज हाक मारायची वेळ येत नाही, एवढा विचार जुन्या माणसांनी केलेला आहे.

मी कुसुम भोईटे, पिंपळोशीच्या अंगणवाडीची सेविका. चोवीस वर्षं झाली. मला मूल नाही, भाऊ नाही, मालकांना जाऊन अकरा वर्षं झाली, त्यामुळं गेल्या वर्षापर्यंत माझा एकही शब्द गेलेला नव्हता. बावन्न वर्षांचे सगळे शब्द जिथल्या तिथं. गावात तोंडानं माझ्याएवढी श्रीमंत बाई नव्हती, आणि मी ते दाखवायचीही. आता तसं राहिलेलं नाही. ही हकीकत ज्या पोरीची आहे तिचं नाव मी लिहिणार नाही, कारण मला ते येत नाही. हजेरीपटात तिचा नंबर चौदावा, म्हणून तिला चौदा नंबर म्हणते. अजून दोन-तीन ठिकाणी मी वळसा घालून बोलेन, तेवढं चालवून घ्या.

माझ्या आधी इथं गोदाक्का सेविका होत्या. मायाळू बाई. पोरांनी ठेवलेलं अन्न वाया कसं घालवायचं म्हणून नऊ वर्षं खात गेल्या. निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांच्याकडे 'बरं' एवढा एकच शब्द उरला होता. सत्काराला उत्तर म्हणून तो बोलल्या आणि खाली बसल्या. त्यानंतर वरून परिपत्रक आलं, 'सेविका व मदतनीस यांनी लाभार्थ्यांचे उष्टे सेवन करू नये.' मी ते फ्रेम करून भिंतीवर लावलंय. त्याच्या शेजारी दुसरं चित्र आहे, आरोग्य खात्याचं. त्यात एक मूल मोठ्या माणसाच्या ताटातलं उष्टं खातंय आणि मुलाच्या तोंडातून शब्द उडून मोठ्याच्या तोंडात चाललाय, वर लाल फुली. मुलाला आपलं उष्टं देऊ नका, शब्द उलटा येतो, असा त्याचा अर्थ. दोन्हींच्या बाबतीत मी कडक. पोरांचं उरलेलं बादलीत, आणि बादली आमच्या मदतनीस छबूच्या शेळ्यांना. शेळ्यांचं काही जात नाही, आम्ही बघितलंय.

दर महिन्याला दोन तक्ते भरायचे असतात, एक वजनाचा आणि एक शब्दांचा. तीन वर्षं झालेल्या मुलाकडे दोनशे शब्द हवेत. शंभराच्या आत असले तर लाल रेघ. चौदा नंबरची पोर तीन वर्षं चार महिन्यांची होती. वजनाच्या तक्त्यात तिच्याइतकं हिरवं कुणी नव्हतं. शब्दांच्या तक्त्यात मात्र अकरा. मागच्या महिन्यात अकरा, त्याच्या मागच्या महिन्यात अकरा, गेले चौदा महिने अकरा. आणि ते अकराही ती वापरायची नाही. शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून बसायची, त्या लाल फुलीच्या चित्राखाली, आणि सगळ्यांकडे टुकूटुकू बघायची.

जेवायची मात्र मन लावून. खिचडीचं शीत उडालं तर वेचून खायची. ताट इतकं लख्ख करायची की छबू म्हणायची, "हिचं ताट घासायला नकोच." मला केवढं कौतुक! बाकीची कार्टी ताटात निम्मं टाकतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी 'स्वच्छ ताट' म्हणून रोज तिच्या हातावर कागदी चांदणी चिकटवायची आणि सगळ्यांना दाखवायची, "बघा, शिका हिच्याकडून." सदतीस चांदण्या दिल्या. या सदतीस चांदण्यांची मला अजून लाज वाटते.

जानेवारीत पर्यवेक्षिका पाटसकर मॅडम तक्ते तपासायला आल्या. बाई कडक आहेत, पण खडूस नाहीत. चौदा नंबरच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाल्या, "भोईटेबाई, ही पोर इतकं जेवते आणि अकरावर अडकलीय? घरी उष्टं खाणारं कोण आहे?"

"आई एकटीच. वैजयंता. पोल्ट्रीत अंडी निवडायला जाते. नवरा ट्रकवर होता, पोर पोटात असताना अपघातात गेला."

"आत्या?"

"आत्या आहे मॅडम, तालुक्याला. पण लग्न त्या घराला मान्य नव्हतं. बारशालासुद्धा आली नाही. नाव वैजयंतानं स्वतःच ठेवलं."

मॅडमनी पेनचं टोपण लावलं. "बावीस तारखेला मूल्यमापन आहे. शंभराच्या आत राहिली आणि घरात दाता एकच असला तर तिला केंद्रात पाठवावं लागेल. माझ्या हातात नाही. नियम सतरा."

केंद्र म्हणजे तालुक्याचं शब्दवर्धन केंद्र. सहा महिने मुक्काम, भेटायला फक्त दुसरा रविवार. तिथं मुलांचं उष्टं खायला निवृत्त कारकून नेमलेले आहेत. माणसं सज्जन, शब्द देताना हात आखडत नाहीत. पण शब्द त्यांचेच असणार ना. वरच्या आळीतली सुतारांची रेवा तिथून परत आली. आईनं दुधाचा पेला पुढं केला तर म्हणाली, "सदर दुधाबाबत माझी हरकत आहे." पोर हुशार झालीय, नाही म्हणत नाही. पण तिची आई अजून तिच्याशी बोलताना आधी पदर सारखा करते.

आणि वैजयंताचं काय? त्या पोरीशिवाय तिला होतं कोण? मी छबूला म्हटलं, "बावीस तारखेपर्यंत यात लक्ष घातलं नाही तर मी भोईटे नाव लावणार नाही."

दुसऱ्याच दिवशी गृहभेटीला गेले. दुपारी पाळी सुटल्यावर वैजयंता नुकतीच आली होती. हाताला अजून अंड्यांच्या ट्रेचा भुसा लागलेला.

"या की बाई, बसा. प्यायला आणते." 'पाणी' हा शब्द तिनं पोरीला दिलेला होता. तांब्या पुढं करून ती म्हणाली, "घ्या."

मग तिनं दारात जाऊन तीनदा टाळी वाजवली. पोर मागच्या अंगणातून धावत आली. मला वाटलं, खेळ असेल मायलेकींचा.

तिनं पोरीला वाढलं. आमटी-भात, आणि तोही माझ्याएवढ्या बाईला पुरून उरेल इतका. मी म्हटलं, "अगं, किती वाढतेस?" ती गुडघ्यावर हनुवटी ठेवून ताटाकडे बघत बसली. पोर खात होती. खाता खाता थांबायची, श्वास घ्यायची, परत खायची. पोट तट्ट फुगलं. शेवटचा एक घास काही जाईना. तेव्हा तिनं इकडं तिकडं बघितलं, तो घास मुठीत घेतला, फ्रॉकच्या खिशात कोंबला आणि बोटानं ताट निपटून काढलं. मग पलंगाखाली शिरून खिशातला भात तिथल्या जनावराला घातला. ते मिशांचं, दूध चोरणारं, घरोघरी असतं ते.

"बघितलंत?" वैजयंता म्हणाली. "रोज असंच. मी मुद्दाम जास्ती वाढते, म्हटलं आज तरी दोन शितं ठेवील. माझ्यासाठी काही ठेवतच नाही बाई ती. तिचा माझ्यावर राग आहे का हो?"

"कधीपासून करते हे?"

"नाव गेल्यापासून."

"कुणाचं नाव?"

"हिचं." आणि तिनं पदर तोंडाला लावला.

मग तिनं सांगितलं. मागच्या नव्हे, त्याच्या आदल्या दिवाळीला पोल्ट्रीत स्टीलचं नवं ताट मिळालं होतं. आरशासारखं. पोर त्यात जेवली, दोन घास ठेवले आणि वाकून ताटाच्या काठात बघत बसली. वैजयंता दोन पाळ्या करून आली होती, डोळ्यांवर झापड. तिनं ते दोन घास उचलले आणि तोंडात टाकले. पोर ताटात स्वतःचं तोंड बघत होती हे तिच्या लक्षातच आलं नाही. गिळलं आणि पोरगी वर बघून स्वच्छ आपलं नाव बोलली.

"मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू! उचलून घेतली. हाक मारायला तोंड उघडलं... आणि काहीच नाही बाई. नुसती हवा. ती वाट बघत होती. मी परत तोंड उघडलं. तीन दिवस हेच. ती समोर येऊन उभी राहायची आणि माझ्या तोंडाकडं बघायची. चौथ्या दिवशी मी टाळी वाजवली. त्या दिवसापासनं ती ताट चाटतेय."

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? जन्म दिलेल्या बाईला पोरीचं नाव येत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगू? माझी म्हातारी निपाणीवरनं फोन करते, तिलाही मी हाक मारू शकत नाही, तो शब्द पहिलाच गेला. ते चाललं. पण हिचं नाव?"

माझ्या थोबाडीत कुणी मारल्यासारखं झालं. सदतीस चांदण्या! पोर आईचे शब्द राखायला पोट फुटेस्तोवर खात होती, आणि मी मूर्ख बाई तिच्या हातावर चांदण्या चिकटवत होते. दोन वर्षांच्या पोरीला जे कळलं ते मला चोवीस वर्षांच्या नोकरीत कळलं नाही.

"अगं वेडे," मी म्हटलं, "राग कसला घेऊन बसलीस! तू रिकामी होशील म्हणून ती ठेवत नाही. तुझी पोर मागं नाही, आपल्या सगळ्यांच्या पुढं आहे."

वैजयंता पलंगाखाली वाकली. मग जमिनीला गाल टेकवून पोरीजवळ गेली आणि दोघी तशाच पडून राहिल्या. मी तांब्यातलं पाणी प्यायले. दुसरं काय करणार?

निघण्याआधी मी पोरीला समोर बसवलं. परिपत्रक मला पाठ होतं, तरी म्हटलं, "हे बघ बाळा, आईचं जाऊ दे. माझ्याकडे चिक्कार शब्द आहेत. वापरून वापरून कंटाळलेय मी. उद्या खिचडीतला एक घास माझ्यासाठी ठेव. ठेवशील?"

ती उठली, जवळ आली आणि तिनं आपला तळहात माझ्या तोंडावर ठेवला. हाताला आमटीचा वास येत होता. मलाही ती राखत होती. मला तिथं बसल्या बसल्या रडू आलं. आपल्याला राखणारं मला तोवर कुणी भेटलं नव्हतं. पण रडून बावीस तारीख थोडीच पुढं जाते? दुसऱ्या दिवशी ताट लख्ख. तिसऱ्या दिवशी लख्ख. मी चांदणी दिली नाही, आणि तिनं मागितलीही नाही.

बावीस तारखेला अंगणवाडीत आया बोलावल्या होत्या. मूल्यमापनाच्या दिवशी खिचडी सगळ्यांना असते, आयांनाही. पाटसकर मॅडम खुर्चीवर पत्रक घेऊन बसल्या. छबूनं ताटं मांडली. वैजयंता पोरीच्या शेजारी, भिंतीपाशी. पोल्ट्रीतून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आलेली. पिशवीत पोरीचे दोन फ्रॉक आणि पांघरूण होतं. केंद्राची गाडी बाराला येणार होती आणि तिनं मनाची तयारी केलेली दिसत होती. तिला घास जात नव्हता. चार घास खाऊन तिनं ताट बाजूला सारलं.

पोरीनं ते ताट ओढलं.

मला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. एका हातानं तिनं आईची हनुवटी धरून आपल्याकडे वळवली, आपल्या तोंडासमोर घट्ट धरून ठेवली, आणि दुसऱ्या हातानं आईच्या ताटातला घास उचलून तोंडात टाकला. डोक्यावर ते लाल फुलीचं चित्र. चौदा महिने त्याच्याखाली बसून तिनं ते नीट बघून ठेवलं होतं.

तिनं घास गिळला. वैजयंताचे ओठ हलले, आणि तिनं पोरीला नावानं हाक मारली.

एकदा मारली. मग परत मारली. मग थांबेचना. चौदा महिन्यांच्या राहिलेल्या हाका एका जागी बसून मारत होती. जवळ मारत होती, लांब असल्यासारखी मारत होती, रागावून मारत होती, लाडानं मारत होती. पोर तिच्यासमोर बसून प्रत्येक हाकेला मान हलवत होती. बाकीच्या आया डोळे पुसत होत्या. छबू तर पळी घेऊन तशीच उभी.

मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "मूल्यमापन सुरू आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "प्रश्न पहिला. बाळ, तुझं नाव काय?"

पोरीनं तोंड उघडलं. काही आलं नाही. तिनं आईकडे बोट दाखवलं. वैजयंतानं लगेच नाव सांगितलं.

"उत्तर मुलानं द्यायचं असतं." नियमानं तीनदा विचारायचं असतं, मॅडमनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा पोरीनं आईकडे बोट केलं. मग पत्रकावर लिहिताना मॅडम पुटपुटल्या, "होते अकरा, राहिले दहा." आणि मला म्हणाल्या, "भोईटेबाई, मला दिसतंय हो सगळं. पण आईला नाव परत दिलं, याला पत्रकात रकानाच नाही. दाते दोन असते तर सहा महिन्यांची मुदत देता आली असती. एका दात्यावर मी काय करू?"

"काहीतरी करा!" मी म्हटलं. माझा आवाज चढलाच. "एवढ्या समजुतीची पोर तुम्ही कारकुनांकडे धाडणार? ती परत येऊन आईला 'अर्जदार' म्हणेल!"

मॅडमनी केंद्राचा फॉर्म काढला होता.

तेवढ्यात माझ्या पायाला काहीतरी लागलं. बघते तर ताट. चौदा नंबरनं आपलं ताट सरकवत सरकवत माझ्यापर्यंत आणलं होतं. ताटात एक घास होता. बोटांनी नीट गोळा करून मधोमध ठेवलेला.

तिला आता माझा शब्द हवा होता. फुकट नाही, उगाच नाही. आईचं देणं झालं होतं आणि आता तिला स्वतःचं काहीतरी पाहिजे होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती. खिडकीखाली जिथं पोरांचा आरसा आणि केस विंचरायचं ते टांगलेलं असतं, तिकडं बघत होती.

"छबू," मी म्हटलं, "आरसा आण."

छबूनं आरसा काढून पोरीसमोर धरला. भिंतीवर परिपत्रक होतं, मी खाली बसले. चोवीस वर्षांत मी कुणाचं उष्टं तोंडात घातलं नव्हतं. माझ्यासाठी घास कुणी ठेवलाच नव्हता, हे जास्त खरं. खिचडी गार झाली होती, थोडी अळणी होती. पोर आरशात बघत होती. मी गिळलं.

काही दुखत नाही. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते आणि तिथं काही सापडत नाही, तेवढंच.

पोर आरशापासून मागं वळली आणि काहीतरी बोलली. सगळ्या आया एकदम "अगं बाई!" म्हणाल्या, त्यावरून मला कळलं की ती आपलं नाव बोलली. माझ्यापर्यंत नुसता आवाज पोचला. गोड होता.

"भोईटेबाई," मॅडम म्हणाल्या, "सेविकेनं उष्टं खायचं नाही असं परिपत्रक आहे. तुमच्या डोक्यावरच लावलंय."

"परिपत्रक सेविकेला आहे मॅडम. मी आत्या म्हणून खाल्लं."

"तुम्ही तिच्या कोण लागता?"

"तेच सांगतेय. आत्या. दुसरा दाता लिहा."

"असं तोंडी कसं लिहू? पुरावा लागतो."

"मग विचारा की."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग पेनानं पोरीकडे खूण केली. "हिचं नाव सांगा."

मी तोंड उघडलं. ज्या तोंडाला गाव टरकतं, ज्यानं एकदा ग्रामसेवकाला अर्धा तास बोलू दिलं नव्हतं, ते तोंड नुसतं उघडं राहिलं. मॅडमनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी पोरीकडे बोट केलं.

"नाव सांगते ती आई, सांगू शकत नाही ती आत्या," मॅडम म्हणाल्या. "हे सर्वमान्य आहे." त्यांनी लिहिलं, 'दाता क्रमांक दोन, आत्या. समक्ष खात्री केली. मुदत सहा महिने.' मग केंद्राचा फॉर्म घडी घालून पर्समध्ये ठेवला, आणि वैजयंताला म्हणाल्या, "ती पिशवी घरी न्या आता. आणि खिचडी संपवा, गार झालीय. सगळी संपवा हं, ठेवू नका काही."

गाडी बाराला आली आणि रिकामी गेली.

पुढच्या आठवड्यात पोल्ट्रीतल्या सात बायका आल्या आणि मावशी म्हणून नोंद करून गेल्या. रजिस्टरला पान पुरेना, मी खाली कागद चिकटवला. आता चौदा नंबर पाळीपाळीनं घास ठेवते. कुणाकडून काय न्यायचं, ते तिनं ठरवलेलं असतं. ज्या बाईचं काम ज्या शब्दावर चालतं त्याला ती हात लावत नाही. आईसाठी अजूनही ठेवत नाही, घरी आपलं ताट निपटूनच काढते. जुलैच्या तक्त्यात तिचे एकशे बारा शब्द भरले आणि रेघ पिवळी झाली. मॅडमनी त्यावर सही केली. माझ्यावर ताशेरा वगैरे काही आला नाही, आत्यांवर खात्याचा अधिकार चालत नाही.

माझे आतापर्यंत चार गेले. ते पलंगाखालचं जनावर गेलं, ते केस विंचरायचं गेलं, भिंतीवर टिकटिक करत वेळ दाखवतं ते गेलं. लागले तर मी तिलाच विचारते. ती सांगते, मला नुसता आवाज येतो, पण ती बोटही दाखवते, त्यामुळं काम अडत नाही.

चौथं हजेरीला लागतं. रोज सकाळी मी पट उघडते. एक नंबरपासून नावं घेत जाते, तेरा नंबरला लोहारांचा सुजय येतो, तो "हजर बाई" म्हणतो, आणि मी थांबते. पुढची अक्षरं मला दिसतात, तोंडात येत नाहीत. पोरंही गप्प राहतात, त्यांना सवय झालीय. मग पुढच्या ओळीतून, हो, ती आता पुढच्या ओळीत बसते, चौदा नंबर उठून उभी राहते, आपलं नाव आपणच मोठ्यानं घेते, आणि म्हणते, "हजर, आत्या."

मी तिच्यापुढं बरोबरची खूण करते आणि पंधरावं नाव घेते.